युरेनियम तुटत तुटत शिशापाशीच का थांबतं?

फैजपूरकर

मंडळी, केळीत किरणोत्सार असतो म्हणून लेकरांना देऊ नका असा फॉरवर्ड आपल्याकडच्या ग्रुपांवर परत फिरतोय. रावेर-यावल-चोपड्याच्या माणसाला तो वाचून राग येणारच, मलाही आला. पण नुसतं 'अफवा आहे' म्हणून सोडलं तर तो पुढच्या हंगामात परत येईल, म्हणून म्हटलं एकदा मुळातूनच धागा काढू. किरणोत्सार म्हणजे अणूचं केंद्रक आपणहून तुटताना बाहेर पडणारे कण आणि किरण. मग केंद्रक तुटतंच का? आणि काही तुटतात, काही तुटत नाहीत, हे ठरतं कशावरून? बारावीला आपण सगळ्यांनी हाफ लाइफची व्याख्या पाठ केली, सूत्रात आकडे टाकले, मार्क घेतले, पण हा 'का' वर्गात क्वचितच निघतो. मी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवतो आणि अख्ख्या सिलॅबसमध्ये मला सगळ्यात प्रिय हाच भाग आहे.

तर बघा. केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. प्रोटॉन सगळे पॉझिटिव्ह, म्हणजे एकमेकांना ढकलणार. त्यांना धरून ठेवतं ते न्यूक्लियर बल. ते विजेच्या बलापेक्षा खूप जोरकस, पण त्याची पोच एकदम तोकडी, दोन-तीन फर्मीच्या पलीकडे ते जवळजवळ शून्य (एक फर्मी म्हणजे मिलीमीटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक). सारंगखेड्याच्या जत्रेतली गर्दी डोळ्यासमोर आणा, माणूस हात धरू शकतो तो शेजारच्याचाच, पण रेटा येतो तो पार दुसऱ्या टोकापासून. केंद्रक मोठं होत गेलं की प्रत्येक कणाला मिळणारी धरून ठेवणारी ताकद तेवढीच राहते, कारण शेजारी तेवढेच, आणि ढकलाढकल मात्र वाढतच जाते. प्रोटॉनची संख्या दुप्पट झाली की ढकलणारी ऊर्जा तिपटीच्या वर जाते.

म्हणून लोखंड-निकेलच्या आसपास एका कणामागे बंधनऊर्जा (म्हणजे कण सुटा करायला लागणारी ऊर्जा) सगळ्यात जास्त, साधारण ८.८ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट, केंद्रकातल्या ऊर्जेचं माप), आणि युरेनियमपर्यंत येता येता ती ७.६ वर उतरते. निसर्ग यावर न्यूट्रॉन वाढवत जातो, कारण न्यूट्रॉन धरतात पण ढकलत नाहीत. कॅल्शियम ४० मध्ये (नावापुढचा आकडा म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून) २० प्रोटॉनला २० न्यूट्रॉन, शिसं २०८ मध्ये ८२ ला १२६, युरेनियम २३८ मध्ये ९२ ला १४६. पण ८२ प्रोटॉनच्या पुढे कितीही न्यूट्रॉन घाला, कायमचं टिकणारं एकही केंद्रक नाही.

आता मला जे खरं सांगायचंय ते. केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत थोरियम असतं, थोरियम २३२, त्याचं अर्धायुष्य (हाफ लाइफ, ढिगातली निम्मी केंद्रकं तुटायला लागणारा वेळ) १४०५ कोटी वर्षं, म्हणजे विश्वाच्या १३८० कोटी वर्षांच्या वयापेक्षाही जास्त. ते तुटत तुटत एका साखळीने खाली उतरतं आणि शेवटच्या पायऱ्यांपैकी एक असते पोलोनियम २१२. त्याचं अर्धायुष्य किती? सेकंदाच्या एक कोटी भागातले तीन. दोघंही अल्फा कणच फेकतात, म्हणजे दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनची मोट. थोरियमचा अल्फा साधारण ४ एमईव्हीचा, पोलोनियमचा ८.८ चा. ऊर्जा जेमतेम दुप्पट-सव्वादोनपट आणि वेळेतला फरक १ वर २४ शून्यं इतक्या पटीचा! एकाच साखळीत, एकाच प्रकारचं तुटणं. ज्याला हा फरक समजला त्याला हा विषय समजला असं मी मानतो. विचारा काय विचारायचं ते.

केळीबाग_रावेर

सर नमस्कार. फॉरवर्ड मलाही आला होता, सोयऱ्यांनी मुंबईहून पाठवला. आमच्याकडं मृगबागेला ड्रीपमधून पोटॅश चालूच असतं, निसवण झाल्यावर, म्हणजे घड बाहेर पडल्यावर तर घड भरायला जास्तच लागतं. मग केळीत जो किरणोत्सार म्हणतात तो खतातून येतो का? सरळ सांगा, लपवू नका.

फैजपूरकर

भाऊ, लपवण्यासारखं काही नाहीच. पोटॅशियम कुठलंही घ्या, खतातलं, मातीतलं, नारळपाण्यातलं, त्यातले ०.०११७ टक्के अणू पोटॅशियम ४० असतात. हे माणसाने केलेलं नाही, पृथ्वी बनली तेव्हापासून सोबत आलंय. अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं. एका ग्रॅम पोटॅशियममध्ये सेकंदाला साधारण ३१ केंद्रकं तुटतात. एका केळ्यात अर्ध्या ग्रॅमच्या आत-बाहेर पोटॅशियम, म्हणजे सेकंदाला पंधराच्या आसपास. तुमची ५० किलोची म्युरेट ऑफ पोटॅशची गोणी घेतली तर सेकंदाला साधारण साडेसात-आठ लाख. आकडा ऐकून दचकू नका, गोदामात गोण्यांवर बसून डबा खाणाऱ्या हमालालाही त्याने काही होत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, माणसाच्या स्वतःच्या अंगात १४० ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं, म्हणजे आपल्या शरीरातच सेकंदाला ४ हजारांहून जास्त केंद्रकं तुटत असतात. शरीर पोटॅशियमची पातळी स्वतः सांभाळतं, जास्तीचं लघवीवाटे बाहेर टाकतं, त्यामुळे केळं खाल्लं म्हणून ते साठत जात नाही. लेकराला केळं द्यायचं नाही म्हणणाऱ्याने आधी लेकराला कडेवर घेणं बंद करायला पाहिजे. खत घाला किंवा घालू नका, केळीला जेवढं पोटॅशियम लागतं तेवढं ती कुठून ना कुठून घेणारच आणि त्यातलं ४० चं प्रमाण तेच राहणार.

केळीबाग_रावेर

हे लेकराचं आवडलं, हेच उत्तर सोयऱ्यांना पाठवतो आता.

नंदुरबारची_नीटवाली

सर एक शंका, मी बारावीला आहे. पोटॅशियम तर हलकं आहे ना, १९ नंबर. तुम्ही म्हणता जड केंद्रकं तुटतात मग हे का तुटतं? आणि दुसरं म्हणजे युरेनियमच्या साखळीत ८ अल्फा ६ बीटा असं आम्ही नुसतं पाठ केलंय, बीटा मध्येच कशाला येतात ते पुस्तकात नाही.

फैजपूरकर

फार चांगला प्रश्न विचारलास बेटा. दोन्हीचं मूळ एकच आहे, प्रोटॉन-न्यूट्रॉनचं प्रमाण.

आधी युरेनियम घेऊ. ९२ ला १४६ म्हणजे एका प्रोटॉनमागे १.५९ न्यूट्रॉन. शेवटी पोचायचं शिसं २०६ ला, तिथे ८२ ला १२४, म्हणजे १.५१. केंद्रक जितकं लहान तितके जास्तीचे न्यूट्रॉन कमी लागतात. पण अल्फा कण जाताना दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन असे समान घेऊन जातो, त्याने प्रमाण कमी व्हायच्या ऐवजी उलट वाढतं. कागदावर करून बघ, ८ अल्फा गेले तर १६ प्रोटॉन, १६ न्यूट्रॉन गेले, उरले ७६ ला १३०, म्हणजे १.७१. एवढे न्यूट्रॉन पेलवत नाहीत, म्हणून मधे मधे एखादा न्यूट्रॉन प्रोटॉन होतो आणि इलेक्ट्रॉन बाहेर फेकतो, तो बीटा. असं सहा वेळा झालं की ७६ चे ८२ आणि १३० चे १२४. जुळलं ना? आता पाठ करायची गरज नाही.

पोटॅशियम ४० मध्ये १९ प्रोटॉन, २१ न्यूट्रॉन, दोन्ही विषम. केंद्रकातल्या कणांना जोडीने राहणं सोयीचं पडतं, प्रोटॉनची प्रोटॉनशी, न्यूट्रॉनची न्यूट्रॉनशी. दोन्हीकडे एकेक सुटा उरला की शेजारची केंद्रकं जास्त फायद्याची ठरतात. हलक्यांमध्ये असे विषम-विषम टिकणारे फक्त चार, ड्युटेरियम, लिथियम ६, बोरॉन १० आणि नायट्रोजन १४. पोटॅशियम ४० ला तर दोन्ही बाजूंना वाट मोकळी आहे. शंभरातले ८९ बीटा देऊन कॅल्शियम ४० होतात आणि साधारण ११ जण स्वतःचाच इलेक्ट्रॉन गिळून अर्गॉन ४० होतात. आपल्या हवेत जवळजवळ एक टक्का अर्गॉन आहे, तो जवळपास सगळा असाच खडकांतल्या पोटॅशियमपासून आलाय. आत्ता हे वाचताना जो श्वास घेतलास त्यात तो आहे.

लळिंगकर

अर्गॉनचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या धुळे-साक्री-नंदुरबार पट्ट्यात रानात लांबच लांब काळ्या दगडाच्या भिंती दिसतात. नवख्या माणसाला वाटतं कुण्या राजाने बांधल्या, पण त्या डाइक आहेत, म्हणजे जमिनीच्या भेगांमधून वर आलेला लाव्हा आतच थिजला आणि आजूबाजूचा मऊ दगड झिजून गेल्यावर तो तेवढा उभा राहिला. दख्खनच्या लाव्ह्याचं वय साधारण ६ कोटी ६० लाख वर्षं सांगतात ते याच पोटॅशियम-अर्गॉनच्या हिशोबावर. लाव्हा वितळलेला असताना आधीचा अर्गॉन उडून जातो, थिजल्यावर जो तयार होतो तो स्फटिकात अडकतो. तो मोजला की वय निघतं.

अडचण अशी की आपल्या काळ्या दगडात पोटॅशियमच कमी असतं, त्यामुळे अर्गॉनही जरासाच मिळतो आणि दगड थोडा जरी कुजलेला असला, भेगेतून पाणी फिरलेलं असलं, की तो निसटलेला असतो आणि वय चुकीचं येतं. म्हणून नमुना घेताना वरचा तांबूस कुजका थर हातोडीने फोडून आतला निळसर काळा घट्ट दगड घ्यावा लागतो. आता तर नमुना आधी अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्याखाली ठेवतात, त्याने पोटॅशियम ३९ मधलं काही अर्गॉन ३९ होतं, मग एकाच वायूत दोन्ही अर्गॉनचं गुणोत्तर मोजायचं, पोटॅशियम वेगळं मोजायची भानगड नाही. मला ही पद्धत फार सुंदर वाटते.

भुसावळ_बॉयलर

मी थर्मलमध्ये बॉयलरवर आहे. आमच्याकडे सगळं तापमान आणि प्रेशरचं राज्य. सर, हे केंद्रक तापवलं, दाबलं तर लवकर तुटतं का? आणि ते १ वर २४ शून्यंवालं अजून सांगितलं नाही तुम्ही.

फैजपूरकर

भाऊ, जवळजवळ काहीच फरक पडत नाही. कोळसा जळतो ती इलेक्ट्रॉनची देवघेव, एका अणूमागे काही इलेक्ट्रॉन व्होल्ट. केंद्रकातला व्यवहार दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचा. तुमच्या बॉयलरची उष्णता केंद्रकापर्यंत पोचतच नाही. १९०२ मध्ये रदरफर्ड आणि सॉडी यांनी थोरियमवर काम करून सांगितलं की इथे एका मूलद्रव्याचं दुसरं होतंय. तेव्हा लोकांना ते पचायला जड गेलं, कारण ज्याला तापवून, आम्लात टाकून, काहीही करून हलवता येत नाही तेच आपणहून बदलत होतं.

आता २४ शून्यं. आधी अल्फाच का बाहेर पडतो ते बघा. थोरियममधून एकटा न्यूट्रॉन काढायचा तर साडेसहा एमईव्हीच्या आसपास पदरचे द्यावे लागतात, एकटा प्रोटॉन काढायचा तर त्याहून जास्त. पण दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन एकत्र निघाले तर चौघांचे मिळून २४ द्यावे लागतात आणि त्यांचा हेलियम बनताना २८.३ मिळतात. उरले ४. हाच तो ४ एमईव्हीचा नफा जो घेऊन अल्फा पळतो. चौघांची ही मोट इतकी घट्ट बांधलेली असते म्हणूनच हे जमतं.

मग लगेच का पळत नाही? कारण केंद्रकाच्या कडेवर अडथळा आहे, आतून न्यूक्लियर बल ओढतंय आणि बाहेर विजेचं बल ढकलतंय, या दोघांच्या मधला तो चढ २५-३० एमईव्ही उंचीचा, आणि अल्फाकडे आहेत ४. जुन्या नियमाने तो कधीच बाहेर यायला नको. १९२८ मध्ये गॅमोने, आणि त्याच वर्षी वेगळे काम करणाऱ्या गर्नी आणि कॉन्डन यांनी क्वांटम मेकॅनिक्स लावून दाखवलं की कण अडथळ्याच्या वर न चढता आरपार निघू शकतो, फक्त शक्यता अतिशय कमी. अल्फा आत सेकंदाला १ वर २१ शून्यं इतक्या वेळा कडेवर आदळतो असं ढोबळ धरतात, आणि थोरियममध्ये सरासरी १ वर ३८ शून्यं इतक्या धडकांनंतर एकदा तो आरपार जातो. ही शक्यता ऊर्जेवर घातांकात अवलंबून असते. ऊर्जा थोडी वाढली की पार करायची जाडी कमी होते आणि शक्यता प्रचंड उसळते. म्हणून ४ चे ८.८ झाले की १४०५ कोटी वर्षांचं सेकंदाच्या कोटीव्या भागांवर येतं. गायगर आणि नटॉल यांनी हे नातं १९११ मध्येच प्रयोगातून पकडलं होतं, कारण मात्र १७ वर्षांनी कळलं.

नंदुरबारची_नीटवाली

सर म्हणजे १४०५ कोटी वर्षं झाली की तो अणू म्हातारा होतो आणि तुटतो असं नाही ना?

फैजपूरकर

अजिबात नाही. केंद्रकाला वय नसतं. आत्ता तयार झालेलं पोलोनियम २१० आणि वर्षभर जुनं पोलोनियम २१०, दोघांची पुढच्या क्षणाला तुटायची शक्यता तंतोतंत सारखी. अर्धायुष्य १३८ दिवस म्हणजे ढिगातले निम्मे १३८ दिवसांत जातील, पण कुठले जातील हे कुणीच सांगू शकत नाही. वर्गात पहिल्या दिवशी हेच सांगायला हवं आणि हेच राहून जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शहाद्याची_ताई

आमच्या उनपदेवच्या गरम झऱ्याखाली पण हेच चालू आहे का? आई म्हणते खाली गंधक जळतंय.

लळिंगकर

ताई, जळत काही नाही. पाऊस-पाणी भेगांमधून खोल जातं, तिथे दगड गरम असतो, पाणी तापून दुसऱ्या भेगेने वर येतं. तापी-नर्मदेचा पट्टा भेगांचाच आहे, तसाच एक उनपदेव चोपडा तालुक्यात अडावदजवळही आहे. आता खोलवर दगड गरम का, तर पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेचा साधारण निम्मा भाग युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम तुटल्यामुळे येतो, बाकीची पृथ्वी बनतानाची जुनी शिल्लक. जपानमधल्या कॅमलँड प्रयोगात पृथ्वीच्या पोटातून येणारे न्यूट्रिनो (केंद्रक तुटताना निघणारे अतिशय हलके कण) मोजून हे २०११ मध्ये तपासलंय. झऱ्याखाली वेगळी भट्टी वगैरे नाही.

अमळनेर_मंगळग्रह

भाऊ, बठ्ठं वाचं, भारी लिखेल शे. पण मूळ प्रश्न ऱ्हायनाच की, शिशापाशीच का?

फैजपूरकर

बरोबर, तेच आता.

अणूत इलेक्ट्रॉनची कवचं भरली की हेलियम, निऑन, अर्गॉन असे शांत वायू मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे. केंद्रकातही कवचं असतात आणि तिथे भरण्याचे आकडे २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६. यांना मॅजिक नंबर म्हणतात. पहिले तीन आकडे सोप्या गणितातून निघत होते, पुढचे काही केल्या निघत नव्हते. १९४९ मध्ये मारिया गोपर्ट मायर यांनी, आणि स्वतंत्रपणे जर्मनीत येन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, कणाचं स्वतःभोवतीचं फिरणं आणि कक्षेतलं फिरणं यांचा एकमेकांवर मोठा परिणाम धरला आणि सगळे आकडे जागेवर बसले. १९६३ चं नोबेल त्यात आहे. मायरबाईंनी कितीतरी वर्षं विद्यापीठांमध्ये बिनपगारी काम केलं होतं, हे आमच्या वर्गातल्या मुलींना मी मुद्दाम सांगतो.

शिसं २०८ मध्ये ८२ प्रोटॉन, १२६ न्यूट्रॉन, दोन्ही कवचं भरलेली. म्हणून त्याच्या दाराशी आलेल्या केंद्रकाला शेवटचं पाऊल टाकण्यात भरपूर नफा आहे, पोलोनियम २१२ चा अल्फा ८.८ चा असतो तो यामुळेच, आणि एकदा शिशावर पोचलं की पुढे नफा जवळजवळ संपतो. युरेनियम २३८ शिसं २०६ वर, युरेनियम २३५ शिसं २०७ वर, थोरियम शिसं २०८ वर थांबतं. चौथी साखळी नेप्च्युनियम २३७ ची, पण त्याचं अर्धायुष्य फक्त साडेएकवीस लाख वर्षांच्या आतलं, त्यामुळे पृथ्वीच्या सुरुवातीचा तो साठा कधीच संपला. ती उतरायची बिस्मथ २०९ वर, ज्यात न्यूट्रॉन १२६ च आहेत.

भुसावळ_बॉयलर

बिस्मथ शेवटचं टिकाऊ असं आम्ही शिकलो.

फैजपूरकर

सगळेच तसं शिकले. २००३ मध्ये फ्रान्समध्ये अतिथंड डिटेक्टर वापरून त्याचाही अल्फा पकडला. अर्धायुष्य साधारण २ वर १९ शून्यं इतकी वर्षं. एक ग्रॅम बिस्मथ वर्षभर बघत बसलात तर शंभरेक केंद्रकं तुटताना दिसतील, एवढंच. आणि शिशाचंही कागदावर गणित केलं तर शिसं २०८ चा अल्फा निघण्यात अर्धा एमईव्ही नफा उरतोच, म्हणजे तत्त्वतः मनाई नाही. पण ऊर्जा इतकी कमी की अडथळा ओलांडायची शक्यता कल्पनेपलीकडे लहान, आजवर कुणालाही ते दिसलेलं नाही. आणि बॉयलरवाल्या भाऊंना मी 'जवळजवळ' काहीच फरक पडत नाही म्हणालो, त्या 'जवळजवळ'चं कारण रेनियम. लळिंगकर, ते तुम्ही सांगा, तुम्हाला जास्त माहीत आहे.

लळिंगकर

रेनियम १८७ चं अर्धायुष्य ४ हजार कोटी वर्षांच्या वर आहे, पण त्याचे सगळेच्या सगळे ७५ इलेक्ट्रॉन काढून टाकले की ते ३३ वर्षांवर येतं. जर्मनीत १९९० च्या दशकात प्रवेगकात करून दाखवलंय. कारण मग बीटाचा इलेक्ट्रॉन बाहेर न जाता रिकाम्या कक्षेत बसू शकतो. बॉयलरवाले भाऊ, तापमानाने हे करायचं तर ताऱ्याचं पोट लागेल.

अमळनेर_मंगळग्रह

मग १२६ च्या पुढचं कवच भरलं तर परत टिकाऊ व्हायला पाहिजे ना?

फैजपूरकर

हाच विचार करून लोक साठ वर्षांपेक्षा जास्त काळ शोधतायत. अंदाज असा की ११४ च्या आसपास प्रोटॉन आणि १८४ न्यूट्रॉन जमले तर स्थिरतेचं बेट मिळेल. रशियातल्या दुबना इथे ओगानेसियान आणि त्यांच्या गटाने कॅल्शियम ४८ चा मारा करून ११४ नंबरचं फ्लेरोवियम बनवलं. फ्लेरोवियम २८९ दोनेक सेकंद टिकतं. ऐकायला काहीच नाही, पण ११८ नंबरचं ओगानेसॉन एका मिलीसेकंदाच्या आत जातं त्या मानाने ते पुष्कळ आहे. अडचण न्यूट्रॉनची, २८९ मध्ये न्यूट्रॉन १७५ च, अजून नऊ कमी. तेवढे न्यूट्रॉन घेऊन येणारी केंद्रकांची जोडी सध्या हाताशी नाही. मला वाटतं बेटाचा किनारा त्यांनी गाठलाय, आत जायला नवीन पद्धत लागेल.

केळीबाग_रावेर

सर शेवटचं, पोरीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे, तिला हे दाखवायचंय. केळं ठेवलं तर मीटर वाजेल का?

फैजपूरकर

केळ्यावर फरक कळणारच नाही भाऊ, आजूबाजूचा नेहमीचा किरणोत्सार त्याहून जास्त मोजला जातो. एखाद्या कॉलेजकडून गायगर काउंटर मिळतो का बघा. आधी टेबलावर काहीच न ठेवता दहा मिनिटं मोजायला सांगा, मग पसरट ताटलीत साधं मीठ ठेवून दहा मिनिटं, मग तशाच ताटलीत तेवढंच म्युरेट ऑफ पोटॅश ठेवून दहा मिनिटं. काउंटरची खिडकी पावडरीच्या अगदी जवळ हवी पण टेकायला नको. खिडकी पातळ असलेला काउंटर मिळाला तर फरक चांगला दिसेल. तिन्ही आकडे तिने पुठ्ठ्यावर लिहावेत, आणि परत एकदा पहिल्यापासून मोजावं, कारण प्रत्येक वेळी आकडा थोडा वेगळा येईल आणि परीक्षक नेमकं तेच विचारतील. का वेगळा येतो ते तिला नंदुरबारच्या ताईला दिलेल्या उत्तरात सापडेल. काउंटर मिळाला नाही तर मला मेसेज करा, आमच्या लॅबमध्ये विचारून बघतो.